बफ दर उन्हाळ्यात ढिला पडतो, त्याचं काय करायचं?

तक्रार साधी आहे. मार्चअखेर नागपुरात बर्डीच्या बाजारातून तोंड-गळा झाकायचा बफ घेतला, एप्रिलभर तो नाकावर घट्ट बसला, मे अर्धा झाला आणि रिंग रोडवर दर सिग्नलला डाव्या हाताने वर ओढायची वेळ आली. मृग लागेपर्यंत गळ्यात नुसती पिशवी लोंबत असते. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा नवा. माझे असे चार उन्हाळे गेले. मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीला रोज बाइकने जाणं-येणं असल्यामुळे हा त्रास विसरताही येत नाही. पाचव्या वर्षी नीट बसून शोध घेतला, त्यात जे सापडलं ते इथे लिहितोय.

बफ म्हणजे दोन्हीकडून उघडी असलेली, ताणणाऱ्या कापडाची नळी. गळ्यात असली की मफलर, वर ओढली की नाक-कान झाकले, डोक्यावर चढवली की टोपी, दुमडली की कपाळावरची पट्टी. बर्डीच्या फूटपाथवर याला कोणी मास्क म्हणतं, कोणी बंडाना; ऑनलाइन शोधताना 'नेक गेटर' लिहिलं की ढीगभर सापडतात. बफ हे खरं तर एका स्पॅनिश कंपनीचं नाव. बार्सिलोनाजवळच्या इग्वालाडा गावची ही कंपनी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची, आणि नाव आलं 'बुफांदा' म्हणजे मफलर या स्पॅनिश शब्दावरून. आता झेरॉक्ससारखं ते सगळ्यांचंच झालंय. अस्सल बफ आपल्या बजेटच्या बाहेर आहे, तेव्हा इथे सगळं बोलणं पन्नास रुपयांपासून चारशे रुपयांपर्यंतच्या मालाचं.

माझा पहिला संशय अर्थातच किमतीवर होता. शंभराला दोन मिळतात, त्यात टिकणार काय? म्हणून तिसऱ्या वर्षी खेळाच्या सामानाच्या दुकानातून चारशेचा आणला. तोही नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आत सैल. शंभराला दोनवाल्याला निदान शिव्या तरी घालता येतात. चारशे मोजले की माणूस मनातल्या मनात म्हणतो, आपलंच काही चुकत असेल. माझं खरंच चुकत होतं.

पत्ता लागला तो असा. चौथ्या वर्षी दोनाच्या पाकिटातला एक मी वापरायला घेतला, एक बायकोने. कापड तेच, घेतल्याची तारीख तीच. पाकिटावर रुंदी २५ सेंटीमीटर लिहिलेली. जूनमध्ये दोन्ही डायनिंग टेबलवर शेजारी-शेजारी पसरले आणि शिवणकामाची टेप लावली. तिचा साडेपंचवीस. माझा साडेअठ्ठावीस, वर एक कड झालरीसारखी लहरी झालेली.

"तू याचं काय करतेस?" मी विचारलं.

"मी काही नाही करत," ती म्हणाली, "जे करता ते तुम्हीच करता."

यात टोमणा होता, पण उत्तरही होतं. मी काय-काय करतो ते एकेक आठवून पाहिलं.

मी बफ गच्चीवर वाळवत होतो. सकाळी धुतला, एका कडेला चिमटा लावून तारेवर टांगला आणि ऑफिसला गेलो. पाण्याचं सगळं वजन त्या एका कडेवर, आणि मे महिन्यात दुपारी बारानंतर त्या तारेला हात लावून दाखवा, चटका बसतो. बायकोचा बफ रंग उडू नये म्हणून बाथरूममधल्या दांडीवर आडवा पडलेला असायचा. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत ९५ टक्के पॉलिस्टर, ५ टक्के स्पॅन्डेक्स असं लिहिलेलं होतं. स्पॅन्डेक्स, इलास्टेन, लायक्रा ही सगळी एकाच लवचीक धाग्याची नावं. पॉलिस्टरला आपलं ऊन फारसं काही करत नाही, रंग उडवतं तेवढंच. पण हा पाच टक्क्यांचा धागा उष्णतेने आणि कडक उन्हाने लवकर म्हातारा होतो, आणि ब्लीचने तर मरतोच. बनियन-चड्डीचं इलास्टिक जसं एक दिवस अचानक 'गेलं' म्हणतो, तसंच हे. आमच्याकडे पांढऱ्या कपड्यांच्या बादलीत थोडं ब्लीच पडतं आणि माझा राखाडी बफ कधीमधी त्याच बादलीत जायचा, हाही गुन्हा कबूल करतो.

ज्याच्यात स्पॅन्डेक्स मुळीच नसतं, निव्वळ पॉलिस्टरचा असतो, त्याचा ताण विणीतून येतो. तो सैल झाला तरी कोमट पाण्यात धुऊन, न पिळता, सावलीत आडवा पसरला की बऱ्याच अंशी जागेवर येतो. म्हणजे तुमचा बफ ढिला झाला असेल तर फेकायच्या आधी लेबल वाचा. निव्वळ पॉलिस्टर असेल तर हा उपाय करून पाहा. स्पॅन्डेक्सवाला एकदा गेला की गेला.

दुसरं, मी तो एका हाताने, नाकाजवळच्या एकाच जागी चिमटीत धरून ओढत होतो. दिवसातून पन्नास वेळा. तीच जागा झालरीसारखी झाली होती. दोन्ही हातांनी कानांजवळ धरून वर घ्यायचा असतो, म्हणजे बाइक सुरू करायच्या आधीच. चालत्या बाइकवर हँडल सोडून बफ ओढणं हा तसाही शहाणपणा नाही.

फ्री साइज नावाची थाप

तिसरं कारण डोक्याचं, आणि घेतानाच पकडता येण्यासारखं हेच आहे.

भुवयांच्या वरून आणि कानांच्या वरून टेप फिरवून डोकं मोजा. टेप नसेल तर सुतळी फिरवा आणि ती पट्टीवर मोजा. बहुतेक मोठ्या माणसांचं ५५ ते ६० सेंटीमीटरच्या मध्ये येतं. माझं ५९, बायकोचं ५५. बफ सपाट पसरून रुंदी मोजली आणि दुप्पट केली की त्याचा न ताणलेला घेर मिळतो. २५ रुंदीचा म्हणजे ५० घेर. तो ५५च्या डोक्यावर दहा टक्के ताणला जातो, ५९च्या डोक्यावर अठरा टक्के. म्हणजे एकाच पाकिटातला बफ माझ्या डोक्यावर रोज जवळपास दुप्पट ताण सोसत होता. आणि जो २८ रुंदीचा 'मोठा साइज, आरामशीर' म्हणून विकतात, तो नाकावर कधीच थांबणार नाही, कारण डोकं मोठं असलं तरी तो अडकतो नाक, गाल आणि मानेच्या घेरावर, आणि तो घेर कमीच असतो.

माझा अनुभव असा की न ताणलेला घेर डोक्याच्या मापापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी असावा. माझ्यासाठी २६ रुंदी बरोबर निघाली. एका सेंटीमीटरचा फरक, पण चार उन्हाळे त्यात गेले. मुलांसाठी वेगळे लहान येतात, वीस-बावीस रुंदीचे. मोठ्यांचा बफ लहान मुलाला घालू नका, नाकावरून तर घसरतोच, वर खेळताना कशाततरी अडकतो. घसरगुंडी, झोके, झाडावर चढणं यांच्या वेळी मुलाच्या गळ्यात बफ नकोच, अगदी मापाचा असला तरी.

मापाचा धडा गिरवून यंदा बर्डीवर गेलो. मेन रोडवर संध्याकाळी सहानंतर जायचं, ऊन उतरलेलं असतं आणि सगळ्यांनी पथाऱ्या मांडलेल्या असतात. एकाकडे चाळीसेक बफ दोरीवर टांगलेले. टेप काढून मी एकेकाची रुंदी मोजायला लागलो तर तो पाहतच राहिला.

"काय मोजून राहिले भाऊ? फ्री साइज आहे, कोणालेबी येते."

"येते हो, पण बसते का?"

"बसते न! ओढून पाहा न."

ओढून पाहणं हीच खरी परीक्षा आहे, फक्त ती आपण अर्धीच करतो. आपण ताणून पाहतो, सोडून पाहत नाही. दोन्ही हातांच्या मुठीत दहा सेंटीमीटर कापड धरा, पंधरापर्यंत ताणा, मनात दहा मोजा आणि सोडा. सोडल्यावर लगेच मूळ मापाला आलं तर ठीक. हळूहळू सरकत आलं, किंवा ताणलेल्या जागी कापडावर सुरकुती राहिली, तर त्याची जूनमधली अवस्था तुम्ही मार्चमध्येच पाहिली असं समजा. दोरीवरच्या चाळीसपैकी सहा पास झाले. सहाही एकाच जातीचे, गोल विणलेले, बाजूला शिवण नसलेले. शिवण आहे का ते आतून बोट फिरवून कळतं. पट्टी शिवून नळी केलेले बफ शिवणीपाशी ताणत नाहीत, म्हणून बाकीच्या भागावर जास्त ताण येतो, आणि ती शिवण हेल्मेटखाली आली की तासाभरात कपाळावर रेघ.

ताणून धरलेला असतानाच तो दिव्यासमोर धरा. पाकिटावर 'यूपीएफ ५०' छापलेलं असतं. त्याचा अर्थ, अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे दोन टक्केच आत येतो. पण ताणलं की विणीची भोकं उघडतात आणि हा आकडा घसरतो. ताणलेल्या कापडातून दिव्याचा गोल स्पष्ट दिसला तर छापलेला आकडा सोडून द्या. गडद रंगाचं कापड फिकट रंगापेक्षा हे किरण जास्त अडवतं, पण उन्हात तापतंही जास्त. मी मधला रस्ता म्हणून राखाडी किंवा मळकट हिरवा घेतो. कवटीचे दात छापलेलेही मिळतात, आणि आमच्या चिरंजीवांना तोच हवा असतो.

नंतर तो तोंडावर धरून पाच मोठे श्वास घ्या. दुकानदार हसला तर हसू द्या. तिथे उभ्याने धाप लागत असेल तर सायकलवर सेमिनरी हिल्सच्या चढाला काय होईल? शेवटी पांढऱ्या रुमालाचा कोपरा पाण्याच्या बाटलीने ओला करून बफच्या आतल्या बाजूला घासा. लाल आणि काळे सगळ्यात जास्त फसवतात. माझ्या एका लाल बफने पांढऱ्या शर्टाची कॉलर दिवाळीच्या भिंतीला काव लावल्यासारखी केली होती.

सहापैकी दोन घेतले. "शंभरले दोन" वरून एक पैसा कमी झाला नाही. "तुम्ही तर टाइम बी खाल्ला न भाऊ," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

ओला केला की गार, मग जुलैत का नाही?

दुसरी नेहमीची तक्रार ही. मे महिन्यात भिजवलेला बफ स्वर्गासारखा वाटतो आणि पावसाळा लागला की तोच गळ्यात ओल्या पोत्यासारखा. कापड खराब झालं म्हणून लोक नवा घेतात. कापड तसंच असतं, बदलते ती हवा.

कुलर मे महिन्यात गारेगार करतो आणि जुलैत त्याच कुलरपुढे अंग चिकचिकतं, हे नागपुरात कोणाला शिकवावं लागत नाही. ओला बफ म्हणजे गळ्यात घातलेली खसाची ताटी. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडताना जवळपास ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं (आहारातली नव्हे, शाळेतली कॅलरी). तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला शंभर कॅलरी पुरतात. म्हणजे गारवा पाण्याच्या थंडपणाचा नसतोच, उडण्याचा असतो. फ्रीजच्या पाण्यात बुडवायची काही गरज नाही, माठाचं काय, नळाचं पाणीही चालतं. मे महिन्यात हवा कोरडी ठक्क, पाणी भराभरा उडतं. पाऊस पडला की हवेत आधीच ओल भरलेली, पाणी उडायचं नाव घेत नाही, कापड ओलं ते ओलंच राहतं आणि खाली मानेला घामोळ्या येतात. तेव्हा पहिला चांगला पाऊस झाला की बफ भिजवणं बंद. तेव्हापासून तो धुळीसाठी आणि हेल्मेटच्या आतल्या घामासाठी, कोरडाच.

मे महिन्यात दुसरा घोळ असा की बाइकवर निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तो खडखडीत वाळतो. पॉलिस्टर स्वतः पाणी पीत नाही, ते फक्त धाग्यांच्या मध्ये अडकून राहतं, म्हणून लगेच उडतं. मी छत्रपती चौकापर्यंत गार असतो आणि हिंगणा टी पॉइंटला पोचेपर्यंत कोरडा. उपाय दोन. एक, तो मानेशी दुहेरी दुमडून घ्यायचा, म्हणजे आतला थर ओला राहतो. दोन, अर्ध्या लिटरची बाटली जवळ ठेवायची आणि सिग्नलला मानेमागे थोडं पाणी ओतायचं. भिजवायचं ते मानेचं आणि डोक्याचं कापड. नाका-तोंडावरचं ओलं करू नका, ओल्या कापडातून श्वास ओढणं जड जातं आणि आपण नकळत तोंडाने धापा टाकायला लागतो.

बाहेरून आलेले पाहुणे विचारतात, एवढ्या गरमीत तुम्ही लोक तोंडाला गुंडाळून कसे फिरता? गुदमरत नाही का? त्यांचं चुकत नाही, त्यांच्या गावी वारा गार असतो. अंगाची कातडी साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्याहून थंड असली तर वाऱ्याने बरं वाटतं. हवा ४४-४५ अंशांवर गेली की वारा उष्णता घेऊन जात नाही, आणून टाकतो, आणि बाइकचा वेग जेवढा जास्त तेवढी जास्त. वर्धा रोडवर दुपारी दोनला उघड्या तोंडाने बाइक चालवणं म्हणजे हेअर ड्रायर तोंडाजवळ धरणं. अशा वेळी कापड अंगावर आलेली झळ अडवतं. आपल्याकडच्या बायका नुसते डोळे उघडे ठेवून दुपट्टा बांधतात, शेतावरचा माणूस डोक्याला शेला गुंडाळतो, ते काही हौसेने नाही.

एक मात्र आहे. बफ म्हणजे ऊन न लागण्याची हमी नव्हे. डोकं गरगरतंय, मळमळतंय, घाम यायचा थांबलाय किंवा माणूस असंबद्ध बोलतोय असं दिसलं तर त्याला सावलीत आणा, गळ्याभोवतीचं सगळं काढा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ला फोन लावा. तिथे कांद्याच्या आणि पन्ह्याच्या उपायांत वेळ घालवू नका. पन्हं घरून निघताना प्यायचं असतं.

हेल्मेटखाली टोचतो

बफची टोपी करायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: डोक्यावर अर्धा चढवायचा, वर उरलेल्या भागाला मधोमध एक पीळ द्यायचा आणि तो भाग उलटा फिरवून पुन्हा डोक्यावर ओढायचा. दुहेरी टोपी तयार. सकाळी अंबाझरीला फिरायला जाताना फार छान. हेल्मेटखाली मात्र तो पीळ बरोबर टाळूवर येतो, शेंगदाण्याएवढी गाठ, आणि तासाभरात डोकं ठणकायला लागतं. मी कित्येक दिवस याला पित्त समजत होतो. वाईट म्हणजे त्या गाठीमुळे हेल्मेट डोक्यावर पूर्ण बसत नाही, मग पट्टा ओढून घट्ट करावा लागतो. आयएसआय मार्क पाहून घेतलेल्या हेल्मेटची अर्धी करामत त्याच्या नीट बसण्यात आहे.

हेल्मेटखाली बफ एकेरी, सपाट, वरून उघडा ठेवायचा. कपाळापासून मागे मानेपर्यंत ओढायचा आणि वरचं तोंड तसंच मोकळं सोडायचं. केस दिसले तर दिसू द्या. टक्कल असेल तर टाळूवर थोडा पुढे ओढून घ्या, पण पीळ नको. कानांवरही एकच थर असावा. दोन-तीन थर झाले की मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि आपल्या शहरात मागच्या माणसाला त्याचं फार वाईट वाटतं.

चष्म्यावर वाफ

हा हिवाळ्याचा आजार. डिसेंबर-जानेवारीत गोरेवाड्याकडे सकाळी सहाला सायकल काढली की नाकावरच्या बफमधून गरम ओला श्वास वर येतो, थंड काचेवर जमतो आणि समोरचं काही दिसत नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना जी फट राहते तिथून तो निसटतो. वरची कड दोनदा आत दुमडा म्हणजे ती जाड होऊन नाकाशी बसते, आणि चष्मा कापडाच्या खाली न घेता कापडावर ठेवा. चष्म्याचं नाकावरचं पॅड ती कड दाबून धरतं. तरीही वाफ आलीच, तर बफ नाकाच्या खाली घ्या आणि नाकाला थोडी थंडी सोसू द्या. काचेला साबण चोळण्याचे वगैरे उपाय मीही केलेत, पहिल्या चढापर्यंत टिकतात.

जंगलात जाणाऱ्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी. पेंचला सिल्लारी गेटवरून जानेवारीत पहाटेच्या सफारीला उघड्या जिप्सीत बसलात की एका बफने काही होत नाही. दोन न्या, एक गळ्याला आणि एक टोपी म्हणून; दोन्ही मिळून शंभराचे आणि लोकरीच्या माकडटोपीपेक्षा खिशात कमी जागा घेतात. रंग खाकी किंवा मळका हिरवा. तोच बफ मे महिन्यात पुढच्या जिप्सीची लाल धूळ अडवतो. पण परत आल्यावर तोच नाकावर लावून घरातली झाडझूड करू नका, आतली बाजू आधी धुवा. आणि हो, धूळ अडवतो म्हणजे जाड धूळ. रस्त्यावरचा धूर, सिमेंटची बारीक पूड, पेंट स्प्रे यांच्यापुढे बफचा काही उपयोग नाही, तिथे खरा मास्कच लागतो.

मुक्कामी शेकोटी पेटली की पॉलिस्टरचा बफ गळ्यातून काढून ठेवावा. सुती कापडावर ठिणगी पडली तर भोक पडतं. पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

वासाबद्दल थोडक्यात. धुतलेला बफ कोरडा असताना वास येत नाही आणि घाम आला की लगेच येतो, कारण घामातलं तेल पॉलिस्टरला धरून बसतं आणि साध्या धुण्याने जात नाही. अर्धी बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर टाकून अर्धा तास भिजवा, मग नेहमीचा साबण. कपडे मऊ करणारं ते सुगंधी निळं पाणी अजिबात नको. ते धाग्यावर थर चढवतं आणि मग घाम शोषलाच जात नाही, नुसता ओघळतो. इस्त्री तर नकोच नको.

मग सरळ दुपट्टाच का नाही?

हा प्रश्न आई दर वर्षी विचारते. "घरात चार सुती दुपट्टे पडले आहेत, आणि तू ते चड्डीसारखं काय गळ्यात घालतोस?" तिचं निम्मं बरोबर आहे. सुती कापड पाणी पितं, तिचा भिजवलेला दुपट्टा माझ्या बफच्या कितीतरी पुढे ओला राहतो. तो मोठा असल्यामुळे खांदेही झाकतो, सावलीत अंथरता येतो, डबा गुंडाळता येतो. बाजारात उभं राहायचं असेल, लग्नाच्या वरातीत चालायचं असेल, रामटेकच्या पायऱ्या चढायच्या असतील तर मी आता दुपट्टाच घेतो. जुना धुतलेला मलमलचा सगळ्यात चांगला; नवा कडक असतो, एक-दोन धुण्यांनंतर पाणी नीट प्यायला लागतो. फक्त पातळ पांढरं सुती कापड ओलं झालं की अतिनील किरण आणखीच आत सोडतं, म्हणून तो डोक्यावर दुहेरी घ्या.

बाइकवर आणि सायकलवर मात्र बफच. दुपट्ट्याचं सुटलेलं टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेलं की गळ्याला काय होतं हे सांगायला नको. दुपट्टा बांधून गाडी चालवायचीच असेल तर टोकं मागे गाठ मारून शर्टाच्या आत खोचा. बफला टोकंच नाहीत, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, आणि जाहिरातीत तो कोणी सांगत नाही.

ज्यांना पन्नास रुपयेही घालवायचे नाहीत त्यांच्यासाठी: मुलाचा लहान झालेला होजिअरी टी-शर्ट घ्या, बाह्यांच्या खालचा धडाचा भाग आडवा कापा. नळी तयार. छपाई असलेली बाजू मागे ठेवा, छापील रंगातून हवा जात नाही. कापलेली कड आपोआप गुंडाळली जाते, शिवायची गरज नाही. टी-शर्टचा घेर डोक्याच्या मापापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी असला की पुरे. आधी मोजा, मगच कात्री लावा. माझा पहिला प्रयोग चिरंजीवांच्या आवडत्या वाघावर झाला आणि ते प्रकरण बरेच दिवस चाललं.

यंदाचे दोन्ही बफ मार्चपासून वापरात आहेत. सावलीत आडवे वाळवतोय, ब्लीचच्या बादलीपासून दूर ठेवतोय, दोन हातांनी ओढतोय. आज टेप लावली तेव्हा एक २६ आणि दुसरा सव्वासव्वीस भरला. आणि जुने सैल झालेले पाच टाकून दिलेले नाहीत. ते ओले करून स्टीलच्या पाण्याच्या बाटलीवर चढवतो आणि बाटली ऑफिसच्या खिडकीत सावलीला, वाऱ्यात ठेवतो; जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणी माठासारखं गार झालेलं असतं. बाटलीवर बसायला ते बरोबर सैल आहेत.